ताफ्याचे दप्तर : मालवाहतुकीतील सुरक्षा-तपासणी आणि तिची पूर्वतयारी

मालवाहतुकीच्या व्यवसायात शासकीय तपासणीचा विषय निघाला की सर्वप्रथम ‘पासिंग’ हा शब्द येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ खाली परिवहन वाहनाला जे योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते त्याचे हे रूढ नाव आहे. आणि गाडी प्रादेशिक परिवहन कार्यालयात नेली, मोटार वाहन निरीक्षकाने ती पाहिली, प्रमाणपत्राची मुदत वाढली की तपासणीचे प्रकरण पुढच्या मुदतीपर्यंत मिटले, अशी समजूत या शब्दाबरोबरच रुजलेली आहे. प्रत्यक्षात हा विषय त्या समजुतीपेक्षा बराच मोठा आहे. दहा-वीस किंवा शे-दोनशे मालट्रक बाळगणाऱ्या वाहतूकदाराला निरनिराळ्या सरकारी यंत्रणा कोणत्या अंगांनी तपासतात, त्या तपासणीसाठी ताफ्यात कोणती घडी बसलेली असावी लागते, आणि कागदोपत्री सारे पूर्ण असलेली गाडीसुद्धा घाटात दगा का देते, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असून त्यांपैकी एकाचा विचार सुटा केला तर उरलेले दोन अर्धवट राहतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. हे सर्व अपघात ट्रकचे नव्हेत. तरीही अवजड वाहन गुंतलेले असते तेथे चूक कोणाचीही असो, धडकेची तीव्रता त्या वाहनाच्या वजनाने ठरते, आणि म्हणून त्या वाहनाच्या मालकाची जबाबदारी इतरांहून जास्त मानणे रास्त ठरते.

भारतीय कायद्यात वाहतूकदाराच्या संपूर्ण कारभाराची एकत्रित तपासणी करणारी एकच यंत्रणा नाही. परिवहन विभाग गाडी पाहतो. त्याच विभागाची वायुवेग पथके आणि महामार्ग पोलीस ती रस्त्यात थांबवून कागद, वजन आणि वेग पाहतात. कामगार विभागाकडे चालकांचे कामाचे तास आणि सोयीसुविधा येतात. पेट्रोलियम पदार्थ वाहणाऱ्या टँकरला नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या नियमांतून जावे लागते. आणि अपघात घडल्यावर पोलीस तपास, वाहनाची तांत्रिक पाहणी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातील सुनावणी या मार्गाने सर्वांत कसून होणारी तपासणी मागाहून होते. मालवाहतूक करणाऱ्या संस्थेची नोंदणी २००७ च्या रस्ता-मालवहन कायद्याने सक्तीची केली असली, तरी त्या कायद्याचा रोख मालाची जबाबदारी, बिल्टी आणि नुकसानभरपाई यांवर आहे. त्या संस्थेच्या गाड्यांचे ब्रेक कोण तपासतो आणि चालक कधी झोपतो, हे त्या नोंदणीतून कळत नाही. प्रत्येक यंत्रणा आपापल्या दारातून आत डोकावते आणि आपल्यापुरते पाहून निघून जाते, त्यामुळे पन्नास गाड्यांपैकी तीस गाड्यांत एकच दोष वारंवार सापडत असेल तरी तो ताफ्याचा दोष म्हणून कोणाच्याच दप्तरात उमटत नाही.

याउलट पद्धत अमेरिकेत दिसते, आणि तुलनेसाठी ती थोडी तपशिलाने पाहणे उपयोगाचे आहे. तेथे १ जानेवारी २००० रोजी स्थापन झालेली फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था गाडीइतकेच वाहतूकदाराला तपासते. आंतरराज्य वाहतुकीत नव्याने उतरलेला वाहतूकदार पहिले १८ महिने देखरेखीखाली असतो आणि त्या काळात त्याच्या दप्तराची सुरक्षा-तपासणी होते. पुढेही अपघात, रस्त्यावरील तपासण्यांतील दोष किंवा तक्रारी वाढल्या तर तपासनीस त्याच्या कार्यालयात येऊन चालकांच्या फाइली, कामाच्या तासांच्या नोंदी, दुरुस्तीचे कागद, मद्य व अमली पदार्थांच्या चाचण्यांची कागदपत्रे आणि अपघातांची वही उघडून बसतो. निष्कर्ष तीन श्रेण्यांत येतो : समाधानकारक, सशर्त आणि असमाधानकारक. शेवटची श्रेणी कायम झाली तर साधा माल वाहणाऱ्याला ६० दिवसांनंतर आणि धोकादायक माल किंवा प्रवासी वाहणाऱ्याला ४५ दिवसांनंतर धंदा थांबवावा लागतो. या पद्धतीतील सर्वांत विचार करण्याजोगी बाब म्हणजे तिने ‘एखादी चूक’ आणि ‘रीतच तशी’ यांत केलेला फरक होय. काही नियमांच्या बाबतीत, तपासलेल्या नोंदींपैकी किमान दहा टक्के नोंदींत तोच भंग एकाहून अधिक वेळा आढळला, तर तो चालकाचा प्रमाद न मानता व्यवस्थापनाचे अपयश मानला जातो, कारण एका चालकाने एकदा तास ओलांडले तर ती त्याची चूक असू शकते, पण दहांतला एक प्रवास नियमाबाहेर जात असेल तर गाड्यांच्या वेळा लावणाऱ्याने ते तसे होऊ दिलेले असते.

ही कसोटी कायद्याने भारतात लागू नाही, परंतु ताफ्याच्या मालकाने ती स्वतःला लावून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. किंबहुना, पूर्वतयारी या शब्दाचा खरा अर्थ तेथूनच सुरू होतो. तपासणीच्या आदल्या आठवड्यात कागद गोळा करणे, एका गाडीचे चांगले टायर दुसरीला पासिंगपुरते चढवणे, परावर्तक पट्ट्या नव्याने चिकटवणे आणि दिवे धुऊन घेणे या गोष्टी या व्यवसायात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांचा दोष बेकायदेशीरपणापुरता नाही. अशा तयारीनंतर मिळालेले प्रमाणपत्र मालकालाच स्वतःच्या गाडीविषयी खोटी माहिती देते, आणि ती माहिती खरी मानून तो पुढची दोन वर्षे निर्धास्त राहतो.

दोन वर्षे, कारण योग्यता प्रमाणपत्राच्या मुदती २०१८ मध्ये बदलल्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील दुरुस्तीनुसार नव्या गाडीला पहिली दोन वर्षे योग्य मानले जाते, त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी नूतनीकरण होते. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाला लाखभर किलोमीटर सहज धावतो. अशा गाडीच्या दोन पासिंगांच्या दरम्यान ब्रेकचे लायनर एकाहून अधिक वेळा झिजून बदलले जातात, टायर बदलतात, पाटे तुटतात आणि जोडले जातात. म्हणजे निरीक्षकाने पाहिलेली गाडी आणि वर्षभरानंतर रस्त्यावर धावणारी गाडी यांत क्रमांकाखेरीज फारसे काही समान उरलेले नसते. चाचणीच्या दर्जाचा प्रश्न याहून जुना आहे. महाराष्ट्रात पुण्यातील एका कार्यकर्त्याच्या जनहित याचिकेमुळे तो मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, आणि योग्यता चाचणीसाठी २५० मीटर लांबीच्या ब्रेक-चाचणी मार्गाची आवश्यकता त्यातून ठळक झाली. जेथे गाडी पळवून थांबवून पाहण्याएवढी जागाच नाही तेथे ब्रेक कसे तपासले जातात, हा त्या याचिकेमागचा साधा आणि बिनतोड प्रश्न होता. केंद्राने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांसाठी नियम केले. अशा केंद्रात चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेकजोर यंत्राने मोजला जातो आणि डाव्या-उजव्या बाजूंतील तफावत आकड्यांत समोर येते. निरीक्षकाच्या नजरेवरचा भार त्यामुळे हलका होतो हे निश्चित. मात्र दोन चाचण्यांमधल्या काळाचा प्रश्न यंत्राने सुटत नाही.

तो काळ किती महत्त्वाचा आहे हे बोरघाटाच्या उतारावर समजते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. तीन आसांच्या ट्रकची कायदेशीर एकूण वजनमर्यादा, म्हणजे गाडी आणि माल मिळून, २८.५ टन आहे. एवढे वजन पाचशे मीटर खाली उतरताना सुमारे १४ कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ती सगळी कोठेतरी जिरवावी लागते. तुलनाच करायची तर चारशे लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला साधारण एवढीच उष्णता लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन अडवून धरते. चालकाने गाडी न्यूट्रलवर सोडली, तर बहुतेक सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. ड्रम तापतो, तापला की प्रसरण पावून आतल्या लायनरपासून दूर जातो, लायनरची पकडही उष्णतेने सैल होते, आणि ब्रेक चेंबरमधील पुशरॉड, म्हणजे हवेच्या दाबाने पुढे सरकून ब्रेक आवळणारा दांडा, आपल्या धावेच्या टोकाला जाऊन थांबतो. पायाखालचे पेडल दाबलेलेच असते, टाकीत हवाही असते, पण चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. इंजिनच बंद केले असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि प्रत्येक दाबागणिक टाकी रिकामी होत जाते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार अशाच अपघातांमुळे पुन्हा पुन्हा बातम्यांत आला आहे. ‘ब्रेक निकामी झाले’ हे अपघाताच्या बातमीतले नेहमीचे वाक्य बहुतेक वेळा घटनेचा शेवट सांगते. तिची सुरुवात वर्कशॉपमध्ये किंवा चालकाला दिलेल्या डिझेलच्या हिशेबात झालेली असते.

पुशरॉडची धाव मोजणे हे ताफ्यातील सर्वांत स्वस्त काम आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना ठोकळे लावायचे, टाकीत हवा पूर्ण भरलेली असताना इंजिन बंद करायचे, हँडब्रेक सोडायचा, खाली गेलेल्या माणसाने चेंबरच्या तोंडाशी पुशरॉडवर खडूची रेघ मारायची, वर केबिनमध्ये बसलेल्याने पेडल पूर्ण दाबून धरायचे आणि रेघ किती पुढे सरकली ते पट्टीने मोजायचे. प्रत्येक चाकाचा आकडा तारीख व किलोमीटरसह वहीत लिहिला की काही महिन्यांत त्या वहीतून दिसू लागते की कोणत्या गाडीचा कोणता स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे झिजलेल्या लायनरमुळे पडणारे अंतर भरून काढणारा भाग, काम करीत नाही. पेडल दाबलेले असतानाच हवेच्या गेजची सुई मिनिटाभरात किती उतरते हे पाहिले की गळतीही कळते. सगळ्या गाडीला दोन माणसांची वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पासिंगसाठी जाणाऱ्या गाडीत ही वही ठेवण्याची सक्ती कोणीच करीत नाही. पण अपघातानंतर न्यायाधिकरणापुढे मालकाच्या निष्काळजीपणाचा प्रश्न उपस्थित झाला, तर त्याच्या बाजूने बोलू शकणारा याहून भक्कम पुरावा दुसरा नसतो.

वजनाचा नियम याच्याशी थेट जोडलेला आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांवरील वजनाच्या मर्यादा वाढवल्या : दोन टायरांच्या पुढील आसाची ६ टनांवरून ७ टन, चार टायरांच्या एकेरी आसाची १०.२ वरून ११.५ टन आणि जोड-आसाची १९ वरून २१ टन. जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड असून जादा माल तेथेच उतरवावा लागतो. वजन करून देण्याचे नाकारल्यास दंड ४०,००० रुपये आहे. २८.५ टनांच्या गाडीत पाच टन जादा भरले तर दंड ३०,००० रुपये होतो, ही झाली कागदावरची गोष्ट. घाटातील गोष्ट अशी की त्याच पाच टनांमुळे ड्रमने जिरवायची ऊर्जा साडेसतरा टक्क्यांनी वाढते, ब्रेक मात्र तेच राहतात. म्हणून ताफ्याच्या दप्तरात वजनकाट्याच्या पावतीला बिल्टीइतकेच महत्त्व असले पाहिजे. पावतीवर गाडीचे एकूण वजन येते, आसावरचे येत नाही; एकूण वजन मर्यादेत असूनही माल हौद्याच्या मागच्या बाजूला एकवटला तर मागचा जोड-आस मर्यादेबाहेर जातो, ही बाब भरणाऱ्या हमालांना आणि चालकाला समजावून सांगणे हाही तयारीचाच भाग आहे.

गाडीच्या इतर अंगांविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरेसे आहे, कारण तेथे नियम स्पष्ट आणि मोजमाप सोपे आहे. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. मालवाहू वाहनांचा वेग वेगनियंत्रकाने ताशी ८० किलोमीटरवर आणि टँकर, डंपर व धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांचा ६० वर बांधलेला असावा. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी लावण्याची रीत आहे. मागून आदळलेली मोटारगाडी हौद्याखाली घुसू नये म्हणून लावायचा मागचा आडवा गार्ड मात्र विशेष लक्ष देऊन पाहावा लागतो. माल चढवता-उतरवताना आड येतो म्हणून तो वाकवलेला, कापलेला किंवा नुसत्या तारेने बांधलेला असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, आणि तिची किंमत रात्री मागून येणाऱ्या दुसऱ्याच कुटुंबाला मोजावी लागते. विमा, परवाना, कर, प्रदूषण प्रमाणपत्र आणि नोंदणी पुस्तक यांच्या मुदती आता शासनाच्या ‘वाहन’ प्रणालीवर दिसतात, डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील प्रत २०१८ पासून मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे, त्यामुळे या कागदांसाठी गाडी अडून पडणे हा आता निव्वळ गलथानपणा ठरतो. थकलेली ई-चलने मात्र वेळच्या वेळी पाहावी लागतात. त्यांकडे फक्त देणे म्हणून न पाहता माहिती म्हणून पाहिले, तर कोणता चालक वारंवार वेग ओलांडतो आणि कोणत्या मार्गावर, हे सरकारनेच फुकट सांगितलेले असते.

धोकादायक माल वाहणाऱ्या ताफ्यावरील बंधने अधिक कडक आहेत, आणि ती तशी असणे योग्य आहे. अशा गाडीच्या चालकाने विशेष प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते, तिची मुदत तीन वर्षांची असते आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाची उजळणी आवश्यक असते. गाडीवर आपत्कालीन माहितीचा फलक असतो आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड ठेवावे लागते. या पत्रकात तो रसायन-पदार्थ सांडला, पेटला किंवा अंगावर उडाला तर काय करायचे हे लिहिलेले असते. येथे तपासणीची सोपी कसोटी म्हणजे चालकाला ते पत्रक वाचता येते का, हे विचारणे. इंग्रजीत छापलेले कार्ड मराठी, हिंदी किंवा तमिळ वाचणाऱ्या चालकाच्या हाती देऊन नियमाची पूर्तता झाल्याचे समाधान मानले, तर टँकर उलटल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत त्या पूर्ततेचा कोणालाच उपयोग होत नाही.

या सर्व विषयांत सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला भाग चालकाच्या झोपेचा आहे. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ ने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थेत दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर ती दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत जाऊ शकत असे. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि विश्रांतीसह कामाचा पसारा बारा तासांच्या आत ठेवण्याचे बंधनही त्यातच होते. संसदेने २०२० मध्ये हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत सामावून घेतला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पुणे ते बंगळूर हे अंतर साधारण ८४० किलोमीटर आहे. थांबे, घाट आणि गावांतील गर्दी धरून ट्रकचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर मानला, तर नुसते चालवण्याचे २१ तास होतात, म्हणजे एका चालकाला कायद्याच्या चौकटीत हा प्रवास तिसऱ्या दिवशीच पूर्ण करता येतो. मालधन्याशी ‘दुसऱ्या दिवशी पोच’ असा करार करणाऱ्याने एकतर दोन चालक दिले पाहिजेत, किंवा कराराच्या दिवशीच नियमभंग लिहून दिला आहे असे समजले पाहिजे. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असण्याची अट २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली, तेव्हापासून हा हिशेब करण्याचे ओझे पूर्णपणे मालकावर आले आहे.

१९६१ च्या कायद्यातील कामाच्या तासांच्या व्याख्येत पळवाट म्हणावी अशी एक गोष्ट होती. चालवण्याचा वेळ आणि त्याला जोडून येणारी कामे तीत मोजली जात, पण ठाण्यावर नुसते हजर राहण्याचा काळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात धरला जाई. कारखान्याच्या किंवा गोदामाच्या फाटकाबाहेर पाच-सात तास रांगेत उभा असलेला ट्रक दर अर्ध्या तासाने दोन गाड्यांइतका पुढे सरकत असतो. चालक झोपू शकत नाही, आणि तरी त्या व्याख्येप्रमाणे हा वेळ कामात धरला जात नसे. रात्री अकराला माल भरून मिळाल्यावर दप्तराच्या दृष्टीने तो ताजातवाना असतो, प्रत्यक्षात तो सकाळपासून जागा असतो. चालकाचा दिवस मोजायचा तर तो जागा झाल्यापासून मोजला पाहिजे, आणि फाटकावरील प्रतीक्षेची नोंद मालधन्याच्या नावासह ठेवली पाहिजे, कारण पुढच्या करारात प्रतीक्षेचे भाडे मागायला तीच नोंद कामी येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, ही गोष्ट अनेकांना ऐषारामाची वाटली असली तरी वैशाखातील दुपारी इंजिनशेजारी बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर येणाऱ्या झापडीचा विचार केला तर ती ब्रेकइतकीच सुरक्षेची बाब आहे.

तासांची नोंद खरी आहे की रचलेली, हे आज लपत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांना इंजिनला जोडलेले नोंदयंत्र सक्तीचे झाले, तरीही तपासनीस टोल व डिझेलच्या पावत्या त्या नोंदींशी ताडून पाहतो. भारतात तशी यंत्रसक्ती नसली तरी फास्टॅगने तेच काम नकळत केले आहे. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीची खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी या टोलनाक्यांवरील वेळ सेकंदासह नोंदली जाते. ट्रिपशीटवर साताऱ्यात तीन तासांची विश्रांती लिहिलेली असेल आणि आनेवाडी ते तासवडे हे अंतर गाडीने तास-दीड तासात कापलेले दिसत असेल, तर ती विश्रांती कागदावरच झालेली असते. ताफ्याची अंतर्गत तपासणी म्हणून याच धाग्याने उलटा माग काढावा हे सर्वांत चांगले. महिन्यातील कोणत्याही पाच फेऱ्या चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि प्रत्येकीची बिल्टी, वजनकाट्याची पावती, टोलच्या वेळा, डिझेलची बिले, जीपीएसचा माग, चालकाचा परवाना व डोळ्यांची तपासणी आणि त्या आठवड्यातील दुरुस्तीचे कागद एकाच टेबलावर मांडायचे. जी कागदपत्रे रोजच्या रोज तयार झालेली असतात त्यांना डाग पडलेले असतात, शाई बदललेली असते, हस्ताक्षरे निरनिराळी असतात, क्वचित खाडाखोडही असते. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या की अनुभवी तपासनीस पुढची पाने उलटण्याआधीच सावध होतो.

तरीही नोंद खरी व्हायची तर ती करणाऱ्याला तिचा तोटा होता कामा नये, आणि या व्यवसायात नेमका तोच होतो. बहुतेक चालकांना फेरीच्या हिशेबाने मोबदला मिळतो. ब्रेक कमी आहेत असे लिहिले की गाडी वर्कशॉपला जाते, फेरी बुडते, भत्ता बुडतो. डिझेल मोजून दिले जाते आणि वाचलेले डिझेल चालकाचे, अशी वहिवाट जेथे आहे तेथे उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडण्याला मालकानेच बक्षीस लावलेले असते. त्यातही ही बचत आता बहुतांशी भ्रामक झाली आहे, कारण इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळपास बंद होते, आणि न्यूट्रलवर मात्र इंजिन स्वतः चालू राहण्यापुरते डिझेल जाळत राहते. हे चालकांना वर्गात सांगण्यापेक्षा एखाद्या घाटात गाडीत बसून मीटरवर दाखवले तर लवकर पटते. दुरुस्तीसाठी अडकलेल्या दिवसाचा भत्ता देणारा, आणि डिझेलच्या बचतीवरील बक्षिसातून घाटाचे मार्ग वगळणारा वाहतूकदार तपासणीची जी तयारी करतो, ती कोणत्याही सल्लागाराने लिहून दिलेल्या यादीपेक्षा खोलवर जाते. एक-दोन गाड्यांच्या मालकाला, जो देशातील मालवाहतुकीचा मोठा भाग सांभाळतो आणि ज्याच्यावर पाच कामगारांच्या अटीमुळे १९६१ च्या कायद्याची सावलीही पडली नाही, हे एकट्याने परवडणारे नाही. तेथे मालधनी आणि दलाल यांनी ठरवलेल्या भाड्यात विश्रांतीचा आणि दुरुस्तीचा दिवस धरला जाणे हाच मार्ग उरतो, आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी भाडेदराइतक्याच नेटाने त्याचा आग्रह धरायला हवा.

नोंद करणाऱ्याचा तोटा होऊ न देणाऱ्या ताफ्यात तक्रारवही कशी दिसते हे पाहण्यासारखे असते. फेरी संपवून आलेला चालक तारीख, गाडीचा क्रमांक आणि किलोमीटर लिहून त्याखाली आपल्या शब्दांत नोंद करतो : ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. नवखा माणूस डावे चाक उघडेल. जाणता मेकॅनिक उजवे उघडतो, कारण गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक लागलेला असतो आणि दुसऱ्या बाजूचा लागलेला नसतो. ड्रम काढल्यावर हबचे ऑइल सील फाटलेले आणि लायनरवर ग्रीस पसरलेले आढळते. तो त्याच नोंदीखाली सील बदलल्याचे, त्या आसाच्या दोन्ही चाकांचे लायनर नवे टाकल्याचे आणि दोन्हीकडच्या पुशरॉडची मोजलेली धाव लिहून सही करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चालक आवारातच गाडी दोनदा पळवून ब्रेक मारून बघतो, ती सरळ रेषेत थांबते, आणि वहीत मेकॅनिकच्या सहीखाली त्याची सही झाल्यावर फाटक उघडले जाते.